दारातली हिरवी पाने

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. संध्याकाळची वेळ आहे. आई चुलीवर कढई ठेवते. तेल तापते. मोहरी तडतडते. मग आई तेलात चार-सहा हिरवी पाने टाकते. 'चर्र' असा आवाज होतो आणि घरभर वास पसरतो. तुम्ही दुसऱ्या खोलीत अभ्यास करत असलात, तरी तुम्हाला लगेच कळते, की आज डाळीला फोडणी पडली!

ही पाने कोणती? कढीपत्त्याची. क्रिओलमध्ये आपण त्यांना 'कारीपुले' म्हणतो. डाळ शिजून तयार झाली, की आई तिच्यावर आणखी एक हिरवे पान चिरून घालते. ती कोथिंबीर. बाजारात आपण तिला 'कोतोमिली' म्हणतो. कारीपुले आणि कोतोमिली हे दोन्ही शब्द तमिळ भाषेतून क्रिओलमध्ये आले आहेत. पाहा, एका वाटीभर डाळीत किती भाषा एकत्र येतात!

आपल्या स्वयंपाकघरात अशी आणखीही पाने असतात. नारळाच्या चटणीत चिंचेबरोबर पुदिना असतो. रुगाय करताना टोमॅटो, कांदा आणि लसूण यांच्याबरोबर दितें, म्हणजे थाईम घालतात. गातो पिमांच्या पिठात कांद्याची पात आणि कोथिंबीर असते. गवती चहाची पाने उकळून चहा करतात. या पानांनी पोट भरत नाही. पण ती नसली, तर जेवणाची चव उतरते.

ही पाने आपण बाजारातून आणतो. फ्लाकचा बाजार, व्हाक्वाचा बाजार, पोर्ट लुईचा बाजार, कुठेही जा, हिरव्या जुड्या मांडलेल्या दिसतात. पण जोराचा पाऊस किंवा वादळ झाले, की शेतातली कोथिंबीर आडवी होते. मग बाजारात जुडी लहान होते आणि भाव मोठा होतो. अशा वेळी घरात एखादी कुंडी असली, तर किती बरे!

अशी कुंडी तुम्ही स्वतः तयार करू शकता. त्याला मोठे आवार लागत नाही. खिडकी पुरते, गच्ची पुरते, दाराजवळची पायरीही पुरते. मात्र एक गोष्ट हवी. ती कोणती, हे तुम्ही एका मुलीच्या गोष्टीतून ओळखा.

एका मुलीची कोथिंबीर

ही मुलगी पोर्ट लुईमध्ये राहते. तिची आजी व्हाक्वाला राहते. २०२३ सालच्या डिसेंबर महिन्यात शाळेला मोठी सुट्टी होती. मुलीने आजीला टेलिफोनवर सांगितले, "आजी, मी कोथिंबीर लावणार आहे. पहिली जुडी तुला आणून देईन."

आजी म्हणाली, "लाव बाळ. पण घाई करू नकोस हं!"

मुलीने डब्यातले धने घेतले. एका जुन्या डब्यात माती भरली आणि धने पेरले. दुसऱ्या दिवशी तिने पाहिले. काहीच उगवले नव्हते. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिने बोटाने माती उकरली, धने बाहेर काढले, पाहिले आणि परत पुरले. पाचव्या दिवशी पुन्हा उकरले. शिवाय ती दिवसातून तीन वेळा भांडेभर पाणी घालत होती. डब्याच्या तळाला भोकच नव्हते. आठव्या दिवशी मातीला कुजका वास येऊ लागला. धने कुजून गेले होते.

मुलीने डब्याला भोके पाडली, माती बदलली आणि पुन्हा धने पेरले. या वेळी तिने माती उकरली नाही. रोपे उगवली. पण ते दिवस भर उन्हाळ्याचे होते. पोर्ट लुईचे ऊन तर कडक. रोपे बोटभर वाढली न वाढली, तोच मधून एक उंच दांडा निघाला. पाने बडीशेपेच्या पानांसारखी बारीक झाली आणि दांड्यावर पांढरी फुले आली. जुडी काही झाली नाही.

मुलगी रडवेली झाली. "आजी, माझा हात चांगला नाही," ती म्हणाली.

आजी हसली. "अगं, तुझा हात चांगला आहे. महिना चांगला नव्हता. कोथिंबिरीला थंडी आवडते. मे महिन्यानंतर लाव, मग बघ."

मुलांनो, आता ओळखले ना? कुंडीला माती, पाणी आणि ऊन तर हवेच. पण त्याहून जास्त हवा आपला धीर.

कोथिंबीर कशी लावावी?

भारतातल्या पुस्तकात तुम्ही वाचाल, की डिसेंबर-जानेवारीत थंडी असते. आपला मॉरिशस देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. म्हणून आपल्याकडे ऋतू उलटे असतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हे आपले उकाड्याचे आणि पावसाचे महिने. मे ते ऑक्टोबर हे आपले थंड महिने. कोथिंबीर या थंड महिन्यांत चांगली येते. क्युरपीप उंचावर आहे. तिथली हवा पोर्ट लुईपेक्षा थंड असते. तिथल्या मुलांना कोथिंबीर लावायला जास्त दिवस मिळतात. पोर्ट लुईच्या मुलांनी मात्र महिना पाहूनच धने पेरावेत.

आता कामाला लागू या.

१. वीत-दीड वीत खोल कुंडी किंवा डबा घ्या. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाते, म्हणून भांडे उथळ नको. तळाला तीन-चार भोके हवीत. डब्याला भोके पाडायचे काम मोठ्या माणसांकडून करून घ्या.

२. दोन वाटे माती आणि एक वाटा कुजलेले खत एकत्र करा. भाजीची साले, सुकी पाने आणि माती एका कोपऱ्यात साठवली, तर काही महिन्यांत असे खत घरीच तयार होते.

३. स्वयंपाकघरातले अख्खे धने घ्या. ते भाजलेले नसावेत. पोळपाटावर ठेवून हलक्या हाताने लाटणे फिरवा. प्रत्येक धण्याचे दोन भाग होतील. वरून एक दिसणाऱ्या धण्यात खरे तर दोन बिया असतात! ते रात्रभर पाण्यात भिजवा.

४. सकाळी बिया मातीवर पसरून टाका. वर बोटाच्या एका पेराहून कमी जाडीचा मातीचा थर द्या. हाताने हळूच पाणी शिंपडा.

५. आता थांबा! साधारण एक ते दोन आठवड्यांत कोंब वर येतील. तोपर्यंत माती उकरू नका.

६. पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालून पाहा. माती ओली लागली, तर पाणी घालू नका. कोरडी लागली, तर सकाळी घाला.

साधारण सहा आठवड्यांत पाने काढता येतात. रोप उपटू नका. बाहेरची मोठी पाने कात्रीने कापा आणि मधली कोवळी पाने राहू द्या. म्हणजे रोप पुन्हा पाने देते.

शेवटी रोपाला फुले येतील. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. फुलांची फळे होतात. ती आधी हिरवी असतात, मग तपकिरी होतात. हेच धने! एकाच रोपाने आपल्याला आधी कोथिंबीर दिली आणि नंतर धने दिले. ते वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर तारीख लिहा. पुढच्या वर्षीचे बियाणे तयार झाले.

पुदिना, दितें आणि गवती चहा

पुदिन्याला बी पेरायची गरज नाही. बाजारातून आणलेल्या जुडीतली एक जाडशी काडी घ्या. खालची पाने काढून ती पाण्याच्या पेल्यात ठेवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. थोड्याच दिवसांत पांढरी मुळे दिसतील. मग काडी कुंडीत लावा. पुदिना मोठा धावरा असतो. तो मातीखालून हातपाय पसरतो आणि शेजाऱ्याची जागा घेतो. म्हणून त्याला वेगळी कुंडी द्या. त्याला ओलावा आवडतो आणि थोडी सावलीही चालते.

दितेंचा स्वभाव अगदी उलटा. त्याला भरपूर ऊन हवे आणि पाणी कमी हवे. त्याच्या मातीत थोडी बारीक खडी मिसळा. रोज पाणी घातले, तर ते मरते. म्हणून पुदिना आणि दितें एकाच कुंडीत लावू नयेत. दोघांना एकदम खूश ठेवता येत नाही!

गवती चहाचा एक ठोंब मुळासकट मिळाला, तर तो जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत लावा. त्याचे मोठे बेट होते. त्याची पाती धारदार असतात. ती ओढू नका, नाहीतर बोट कापेल. मोठ्यांना कात्रीने कापून द्यायला सांगा.

आजीचा कढीपत्ता

आता पुन्हा त्या मुलीच्या गोष्टीकडे वळू या. आजीच्या अंगणात कढीपत्त्याचे जुने झाड होते. आजी लग्न होऊन त्या घरी आली, तेव्हा तिने ते लावले होते. शेजारच्या घरांतूनही मुले वाटी घेऊन यायची आणि म्हणायची, "आजी, थोडी कारीपुले द्या ना." आजीने कधी कोणाला नाही म्हटले नाही.

१५ जानेवारी २०२४ रोजी 'बेलाल' नावाचे चक्रीवादळ आपल्या बेटाजवळून गेले. पोर्ट लुईच्या रस्त्यांत पुराचे पाणी शिरले. व्हाक्वाला रात्रभर वारा घोंघावत होता. सकाळी आजीने दार उघडले. कढीपत्त्याचे झाड बुंध्यापासून मोडून पडले होते.

काही दिवसांनी मुलगी आजीकडे गेली. आजी बुंध्याजवळ उभी होती. ती काहीच बोलली नाही. मुलीने तिचा हात धरला. काय बोलावे, हे तिलाही कळेना.

मार्च महिन्यात मुलगी पुन्हा गेली. अंगणात खेळताना तिला बुंध्यापासून दोन पावलांवर काहीतरी हिरवे दिसले. ती खाली वाकली. तिने एक पान चुरगळून नाकाशी नेले आणि ओरडली, "आजी, आजी! कढीपत्ता!"

खरेच, मातीतून कढीपत्त्याचे तीन कोंब वर आले होते. झाड मोडले होते, पण मुळे जिवंत होती. कढीपत्त्याच्या मुळांतून असे नवे कोंब फुटतात. आजीने एक कोंब जागेवरच ठेवला. उरलेले दोन थोडे वाढल्यावर तिने मुळासकट अलगद काढले. एक शेजाऱ्यांना दिला. दुसरा कुंडीत लावून नातीच्या हाती दिला.

"हा पहिल्या वर्षी फार तोडू नकोस," आजी म्हणाली. "त्याला आधी उभा राहू दे."

ती कुंडी आज पोर्ट लुईच्या घराच्या गच्चीवर आहे.

वादळ आणि डास

मुलांनो, या गोष्टीतून आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा.

वादळाचा पहिला इशारा मिळताच घरातल्या मोठ्यांना कुंड्यांची आठवण करून द्या. कुंड्या आत आणा. जोराच्या वाऱ्याने कुंडी उडाली, तर खिडकी फुटते किंवा कोणाला इजा होते. इशारा वाढल्यावर मात्र कुंडीसाठी बाहेर जाऊ नका. रोप पुन्हा लावता येते. तुम्ही एकच आहात.

दुसरी गोष्ट डासांची. कुंडीखालच्या बशीत पाणी साचते. त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात डास अंडी घालतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. २००६ साली आपल्या देशात चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. डेंग्यूही अशाच डासांमुळे पसरतो. म्हणून आठवड्यातून दोनदा बशी ओतून टाका आणि घासून पुसून ठेवा. पुदिन्याच्या पेल्यातले पाणीही विसरू नका. जो कुंडी लावतो, त्यानेच बशी रिकामी करायची, असा नियम करा.

पाने कशी वापरावीत?

पाने नेहमी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावीत. कोथिंबीर आणि पुदिना फार शिजवू नयेत, नाहीतर त्यांचा वास उडून जातो. ती शेवटी घालावीत. कढीपत्ता मात्र गरम तेलात घालावा; तेलात त्याचा वास खुलतो. दितें रुगायबरोबर शिजू द्यावे.

कोथिंबिरीची चटणी तर तुम्हीही करू शकता. मूठभर कोथिंबीर, एक हिरवी मिरची, लसणीची एक पाकळी, चवीपुरते मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घ्या. मोठ्यांच्या मदतीने वाटा. झाली चटणी! काही घरांत अजूनही दगडावर चटणी वाटतात. त्या दगडाला क्रिओलमध्ये 'रोश कारी' म्हणतात. मराठीत त्याचे नाव पाटा-वरवंटा.

एक गोष्ट कधीही विसरू नका. ओळख नसलेल्या झाडाचे पान तोंडात घालू नका. काही पाने दिसायला सारखी असतात, पण विषारी असतात. आधी घरातल्या मोठ्यांना दाखवा.

पहिली जुडी

आपले पूर्वज एकोणिसाव्या शतकात जहाजाने मॉरिशसला आले. त्यांतले बरेच जण कोकणातले होते. त्यांच्याबरोबर त्यांची भाषा आली, सण आले आणि जेवणाच्या चवीही आल्या. म्हणून आजही गणेशचतुर्थीला आपण केळीच्या पानावर नैवेद्य वाढतो. उजवीकडे भाजी, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर. मध्ये मोदक.

२०२४ सालची गणेशचतुर्थी सप्टेंबर महिन्यात होती. त्या मुलीने दिनदर्शिका काढली आणि सणापासून मागे सात आठवडे मोजले. जुलै महिन्यात तिने धने फोडले, भिजवले आणि पेरले. या वेळी तिने माती उकरली नाही. बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घातले नाही. बशीत पाणी साचू दिले नाही.

चतुर्थीच्या दिवशी सकाळी ती आजीच्या घरी गेली. तिच्या हातात ओल्या कागदात गुंडाळलेली एक जुडी होती. जुडी लहानच होती. आजीने ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"बाजारात अशी मिळत नाही," आजी म्हणाली.

त्या दिवशी नैवेद्याच्या पानावर डावीकडे हिरवीगार चटणी होती.

मुलांनो, पुढची गणेशचतुर्थी कधी आहे, हे दिनदर्शिकेत पाहा. सात आठवडे मागे मोजा. आणि तुमची पहिली जुडी कोणाला द्यायची, हे आजच ठरवा.

शब्दार्थ

फोडणी – तापलेल्या तेलात मोहरी, कढीपत्ता वगैरे घालणे
जुडी – एकत्र बांधलेली पाने किंवा काड्या
रडवेली – रडू येण्याच्या बेतात असलेली
कोंब – बीमधून किंवा मुळातून फुटणारा कोवळा अंकुर
बुंधा – झाडाचा जमिनीजवळचा जाड भाग
ठोंब – मुळासकट असलेला रोपाचा तुकडा
नैवेद्य – देवापुढे ठेवलेले अन्न
दिनदर्शिका – कॅलेंडर

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कढीपत्त्याला क्रिओलमध्ये काय म्हणतात?
(आ) मॉरिशसमध्ये कोथिंबीर कोणत्या महिन्यांत चांगली येते?
(इ) एका अख्ख्या धण्यात किती बिया असतात?
(ई) कोणते वादळ १५ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बेटाजवळून गेले?

प्र. २. कारणे द्या.
(अ) मुलीने पहिल्यांदा पेरलेले धने कुजले.
(आ) पुदिना आणि दितें एकाच कुंडीत लावू नयेत.
(इ) कुंडीखालची बशी आठवड्यातून दोनदा रिकामी करावी.
(ई) झाड मोडले, तरी कढीपत्ता पुन्हा उगवला.

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "महिना चांगला नव्हता."
(आ) "आजी, माझा हात चांगला नाही."
(इ) "त्याला आधी उभा राहू दे."

प्र. ४. योग्य क्रम लावा.
माती भरणे, पाने कापणे, धने भिजवणे, डब्याला भोके पाडणे, धने पेरणे, वाट पाहणे.

प्र. ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ओले, थंड, उंच, उजवा, लहान.

प्र. ६. विचार करा आणि सांगा.
आजीकडे कढीपत्त्याचे तीनच कोंब होते. तरी तिने एक शेजाऱ्यांना का दिला असेल?

उपक्रम
घरी किंवा शाळेत एका कुंडीत धने पेरा. वहीत चार रकाने आखा : तारीख, पाणी घातले की नाही, रोपाची उंची, काय दिसले. सहा आठवडे नोंद ठेवा. नंतर आपल्या आजी-आजोबांना विचारा, की त्यांच्या लहानपणी दारात कोणती झाडे होती. त्यांची नावे मराठीत आणि क्रिओलमध्ये लिहून वर्गात वाचून दाखवा.